ठसा पाहावा की माप घ्यावं?

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात न उडालेलं पितळी काडतूस निघालं, तर ते कुठे बनलं हे कळायला आधी बुडाचा ठसा वाचा. टॉर्च आडवी धरली की अक्षरं उठून दिसतात. ‘के’ आणि ‘एफ’मध्ये बाण म्हणजे खडकीचा कारखाना, ‘आर’ आणि ‘एल’मध्ये बाण म्हणजे इंग्लंडातलं वूलिच. रोमन सात (VII) हा मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, साल नव्हे. इथेच बरेच जण फसतात. ब्रासो लावू नका, ठसाही झिजतो आणि बुडाच्या मधल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीभोवतीचं जांभळं वलयही जातं.

माप फक्त जात सांगतं, कारखाना नाही: पितळी नळीची लांबी ५६ मिमी आणि बुडाची कड बाहेर, तर .३०३ इंची; ५१ मिमी आणि कड बुडाइतकीच, तर ७.६२ मिमीचं.

गोळी उपसू नका. विनापरवाना काडतूस बाळगणं शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा.