चर्चचा लग्नापूर्वीचा कोर्स केला, त्याचा रिव्ह्यू (सेलोटेपवाल्या सेशनसकट)

कॅथलिक लग्न करायचं तर हा कोर्स काही चुकत नाही, सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय पॅरिश ऑफिसात पुढचे कागद हलत नाहीत. त्यामुळे करावा का हा प्रश्नच नाही, कुठे करावा एवढंच काय ते. आम्ही वसईत मराठी बॅच घेतली. होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं होतं मुंबईत इंग्रजीत उरकून टाकू, पण मी म्हटलं ज्या भाषेत आपण भांडतो त्याच भाषेत ऐकू की. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे थोडी खरडपट्टी आहे आणि तिथल्या सिस्टर खरंच खूप मायेच्या आहेत.

शनिवार-रविवार दोन दिवस, जेवण फीमध्येच, जेवण चांगलं. पैशांचं नियोजन, सासर-माहेर, भांडण झालं तर काय, हे सगळं ठीकठाक, अर्धं आपल्याला घरीच ऐकून पाठ असतं. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या वेळी मागची रांग झोपली होती.

मुख्य म्हणजे शरीर आणि पावित्र्य यावरची सेशन्स, लोक टेन्शन घेऊन येतात ते त्याचंच. आणि गंमत अशी की एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या वक्त्यांनी जे सांगितलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता आणि आयोजकांना त्याचा पत्ताच नाही असं वाटलं.

पहिले एक पाहुणे वक्ते होते. त्यांनी सेलोटेपचा तुकडा घेतला, एका मुलाच्या शर्टाच्या बाहीला चिकटवला, काढला, दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि शेवटी तो केसाळ मळकट तुकडा वर धरून म्हणे आता बघा, चिकटतो का? मतलब, लग्नाआधी संबंध आले की माणूस असाच होतो. हॉलमध्ये काही जण हसले. माझ्या शेजारची मुलगी मात्र खाली मान घालून वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत बसली, तिने पुढचा अर्धा तास वर बघितलंच नाही. हा प्रकार मूळचा आपल्याकडचा नाहीच, अमेरिकेतल्या यूथ कॅम्पमध्ये चालायचा, नव्वदच्या दशकात, १९९३ मध्ये तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने लग्नापर्यंत थांबण्याची शपथ घ्यायची कार्डं काढली त्या काळातला. टेप, चघळलेलं च्युइंगम, हातोहात फिरवून कुस्करलेलं गुलाब, सगळी एकाच पठडीतली. बरं, ज्या चर्चमध्ये कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करून माफी घेणं, हा संस्कार आहे तिथे येऊन तुम्ही सांगता की एकदा चूक झाली की माणूस कायमचा निकामी? मग संत ऑगस्टीनचं काय करायचं? लग्न न करता एका बाईबरोबर वर्षानुवर्षं राहिले, अदेओदातुस नावाचा मुलगा झाला, आणि पुढे हिप्पोचे बिशप झाले की.

आणि हो, टेप दरवेळी मुलगीच असते. मुलगा कधीच टेप नसतो, तो आपला शर्ट.

दुपारी जेवणानंतर एक वयस्कर फादर आले. मला वाटलं आता घोरायची वेळ, पण नाही. त्यांनी थेट बायबलमधलं संत पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र उघडलं, सहावा अध्याय. आधी करिंथ कसलं शहर ते सांगितलं, दोन बाजूंना दोन बंदरं, जगभरचे खलाशी आणि व्यापारी, आणि तिथले काही ख्रिस्ती लोक म्हणतायत आम्हाला सगळ्याची मोकळीक आहे, अन्न पोटासाठी तसं शरीर पण सुखासाठी, त्यात काय एवढं. त्याला पौल जे उत्तर देतो त्यात शरीर घाणेरडं आहे असं कुठेच नाही, उलट तो म्हणतो ते पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्हाला मोल देऊन विकत घेतलंय, म्हणून शरीराने देवाचा गौरव करा. म्हणजे सांभाळायचं ते मौल्यवान आहे म्हणून, नासेल म्हणून नव्हे. सकाळच्या टेपवाल्यांना हे ऐकायला थांबवायला हवं होतं.

मग फादर पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर आले. त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दर बुधवारच्या सभेत शरीर या एकाच विषयावर शंभराहून जास्त प्रवचनं दिली, त्यात १९८० साली म्हणाले की नवरा स्वतःच्या बायकोकडेही नुसती वासनेची वस्तू म्हणून बघत असेल तर तोही मनातला व्यभिचारच. त्यावरून तेव्हा पेपरात गदारोळ झाला होता म्हणे. हॉलमधली पुरुष मंडळी एकदम सावरून बसली, कारण तोपर्यंत सगळ्यांचा समज की पावित्र्य म्हणजे लग्नाच्या तारखेपर्यंतचं काम, नंतर लायसन मिळालं. फादर म्हणाले मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू बघणाऱ्याला झापतो, बाईला पदर नीट घे म्हणत नाही. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आणि करिंथकरांच्या त्याच पत्रात, सातव्या अध्यायात पौल म्हणतो बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क, पण त्याच दमात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही, आणि हे दुसरं वाक्य घरात कोणी ऐकवत नाही. इथे मात्र फादरनी घाई केली. बायको नको म्हणाली तर काय, यावर स्पष्ट दहा मिनिटं हवी होती, एक वाक्य मिळालं.

रविवारी डॉक्टरबाई नैसर्गिक कुटुंबनियोजनावर. १९६८ चं पोप पॉल सहावे यांचं पत्र, कृत्रिम साधनं का नाहीत, मग ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज दांपत्याची पद्धत, रोजचा स्राव बघून तक्ता भरायचा. समजावलं फार छान, मुलांनाही तक्ता भरायला लावला आणि मुलं लाजून लाल. पण बाई, अर्ध्या मुली पीसीओडीवाल्या आहेत हो, पाळीच वेळेवर नाही. नियम काटेकोर पाळले तरचा आकडा सांगितला, रोजच्या धावपळीत प्रत्यक्षात किती जणांचं फसतं तो नाही सांगितला. हे लपवायचं कशाला, ज्यांना श्रद्धेने करायचंय ते माहीत असूनही करतीलच.

बिस्किटाच्या डब्याला फट पाडून प्रश्नपेटी केलेली, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. एक चिठ्ठी होती की माझे आधी एकाशी संबंध होते, कन्फेशन केलंय, आता होणाऱ्या नवऱ्याला सांगू का. फादर म्हणाले देवाने माफ केलेल्या गोष्टीचा हिशोब दुसरं कोणी मागू शकत नाही, पण लपवण्याचं ओझं तुला झेपणार नसेल तर लग्नाआधी सांग, नंतर नको, आणि तो सोडून गेला तर तेही आधीच कळलेलं बरं. असं सरळ उत्तर मी चर्चच्या हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकलं.

पाचपैकी साडेतीन देते. टेपवाले काढून टाकले तर साडेचार. माझी खरी तक्रार वेळेची आहे, हे सगळं साखरपुडा होऊन हॉल बुक झाल्यावर सांगून काय उपयोग, दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात पोरांना सांगा ना, तिथे आम्हाला फक्त नको-नको ची यादी मिळाली होती.

जाणाऱ्यांसाठी : पासपोर्ट फोटो दोघांचे न्या, पार्किंग नाही, स्टेशनवरून रिक्षाच करा. आणि चिठ्ठी टाकायची असेल तर शनिवारीच टाका, रविवारी टाकलेल्या बऱ्याचशा वाचायच्याच राहिल्या.