हृदयविकारानंतरचा शॉक : बलून की सूक्ष्म पंप?

झटक्यानंतर हृदयाची ताकदच खचली आणि रक्तदाब सावरेना, की डॉक्टर नातेवाइकांपुढे बलून आणि सूक्ष्म पंप या दोन साधनांचे पर्याय ठेवतात. दोन्ही बहुधा जांघेतील धमनीतून आत जातात. काम मात्र वेगळे.

महाधमनीतील बलून हेलियमने फुगतो तो हृदय शिथिल असताना आणि आकुंचनाआधी मिटतो. त्यामुळे हृदयावरचा भार थोडा हलका होतो, पण स्वतः रक्त पुढे ढकलण्याची ताकद त्यात फारशी नाही, आणि ठोके अनियमित झाले की त्याचा ताल चुकतो. सूक्ष्म पंप डाव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून, रक्त ओढून मिनिटाला साधारण साडेतीन लिटर महाधमनीत सोडतो. ठोक्यांच्या तालाशी त्याला देणेघेणे नसते.

पुरावा पाहता, 2012 मधील 600 रुग्णांच्या चाचणीत बलूनमुळे 30 दिवसांतील मृत्यू कमी झाले नाहीत. 2024 च्या डेन्जर शॉक चाचणीत पंपाच्या गटात 180 दिवसांतील मृत्यू 45.8 टक्के, तर नेहमीच्या उपचारांत 58.5 टक्के होते. मात्र बेशुद्ध रुग्ण त्यातून वगळले होते, आणि रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे व डायलिसिसची गरज पंपाच्या गटात बरीच जास्त होती. पंपाच्या जाड नळीची ही किंमत नगण्य मानता येत नाही.

खर्च व देखभाल यांत बलून सोपा. हृदयाची झडप गळू लागली किंवा जवनिकांमधील पडद्याला छिद्र पडले, तर शस्त्रक्रियेपर्यंत तो उपयोगी ठरू शकतो. शुद्धीवरच्या, डावी जवनिका निकामी झालेल्या रुग्णासाठी, अनुभवी पथक असल्यास, पंप. जवनिकेत गुठळी किंवा कृत्रिम धातूची महाधमनी झडप असल्यास नव्हे.