एचएसएस गिटार, आठ महिन्यांनंतर: हंबकर का सिंगल कॉइल?

गिटार घेताना डोक्यात पिकअपचा (तारांचा आवाज उचलणारा भाग) हिशोब एकदम सरळ होता, जड वाजवायचं तर दोन कॉइलचा हंबकर, बाकी सगळ्याला सिंगल कॉइल, आणि एचएसएसमधे (ब्रिजला हंबकर, मधे आणि नेकला सिंगल कॉइल) दोन्ही मिळतात मग प्रश्न मिटला. आठ महिन्यांनी सांगतो, स्टाइल बघून पिकअप निवडू नका, गेन, म्हणजे आवाज किती फाटवायचा ते, किती लावता ते बघा.

क्लीनवर, म्हणजे न फाटलेल्या आवाजावर, नेक आणि मधला पिकअप एकत्र, म्हणजे स्विचची चौथी पोझिशन, ती एवढी गोड वाजते की फंक, ब्लूज, साध्या कॉर्ड्स सगळं तिथेच चालू असतं माझं. पण गेन वाढवला आणि नुसता नेक ठेवला की घूंऽऽ सुरू. सिंगल कॉइल म्हणजे शेवटी चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, ती वायरिंगमधला 50 किंवा 60 हर्ट्झचा आवाज पण उचलणारच. कॉम्प्युटरसमोर रेकॉर्ड करताना मी खुर्ची हळूहळू फिरवत बसतो, एका ठराविक कोनात घूं जवळजवळ गायब होतो, मग मान वाकडी करून स्क्रीन बघत टेक घ्यायचा 😅

हंबकरमधे दोन कॉइल, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे घूं कटतो आणि तारांचा आवाज मात्र बेरजेत येतो. सेथ लव्हरने गिब्सनमधे असताना 1955 ला याच्या पेटंटचा अर्ज केला होता. पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं), पॉवर कॉर्ड (दोन सुरांचे जड कॉर्ड) यांना हंबकरला तोड नाही. क्लीनला मात्र माझा ब्रिज हंबकर जरा घोगराच वाटतो.

कॉइल स्प्लिटच्या (हंबकरची एक कॉइल बंद करून सिंगल कॉइलसारखा वापरायची सोय) नादाला लागून गिटार घेऊ नका, एवढं ऐकाच. एक कॉइल बंद झाली की आवाज बारीक होतो, व्हॉल्यूम पडतो, आणि वर घूं परत येतो तो वेगळाच.

अजून एक, माझ्या गिटारमधे 500 के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे नॉबखालचे रेझिस्टर, आहेत, हंबकरला ते बरोबर, पण सिंगल कॉइलला साधारण 250 के लावतात, त्यामुळे माझे सिंगल कॉइल कानाला टोचायचे. आता टोन नॉब सातवर असतो, काम भागतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो फुकटात, स्क्रूड्रायव्हरने. पहिले दोन महिने सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर सूर नुसता डुगडुगायचा, मला वाटलं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) गेलं, ट्यूनरवर तास घालवले. नेक पिकअप फार वर होता, चुंबक तारेला खेचत होता! बासच्या बाजूचा स्क्रू दोन वेढे फिरवून पिकअप खाली घेतला, सूर जागेवर. विकायला काढणार होतो ओ गिटार.

मधे एका मित्राची पी-90 पिकअपवाली गिटार आठवडाभर आणली होती. घूं आहेच, सिंगल कॉइलच तो, पण आवाज भरलेला, अर्धवट क्रंचवर (थोड्या फाटलेल्या आवाजावर) कमाल. परत देताना जीवावर आलं. पुढची तीच, फक्त कॉम्प्युटर टेबल आधी हलवावं लागेल.