एन-रोड्स: कार्बन कराच्या वादाला आकड्यांचा आधार देणारा सिम्युलेटर

कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर लावलेला कर, हे हवामान बदलावरचे योग्य धोरण आहे का, या वादात दोन्ही बाजूंची विधाने ठाम असतात आणि आकडे मात्र मोघम. अशा चर्चेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ‘एन-रोड्स’ हा सिम्युलेटर, म्हणजे धोरण बदलले तर काय होईल हे दाखवणारे संगणकीय मॉडेल, वापरून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लायमेट इंटरॲक्टिव्ह व व्हेंटाना सिस्टिम्स या संस्था आणि अमेरिकेतील एमआयटीचे व्यवस्थापन विद्यालय एमआयटी स्लोन यांनी मिळून विकसित केलेले हे साधन मोफत असून थेट ब्राउझरमध्ये चालते.

पडद्यावर ऊर्जास्रोतांचा आणि हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा असे दोन आलेख दिसतात व शेजारी २१०० सालापर्यंतची संभाव्य तापमानवाढ दिसते. कार्बनच्या किमतीचा, म्हणजेच कराच्या दराचा, स्लायडर वाढवत नेला की सर्वांत आधी कोळशाचा पट्टा झपाट्याने आकसतो, कारण तेवढ्याच ऊर्जेसाठी कोळसा तेल किंवा नैसर्गिक वायूपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि वीजनिर्मितीत त्याला पर्यायही आहेत. तेलाचा पट्टा मात्र त्या मानाने थोडाच कमी होतो. हा फरक डोळ्यांसमोर घडताना पाहिला की कराचा परिणाम नेमका कुठे होतो, हे लांबलचक भाषणापेक्षा लवकर उमगते. किंमत शेवटपर्यंत ताणली तरी केवळ तेवढ्यावर तापमानवाढ २ अंशांच्या आत येत नाही, कारण पशुधनातून निघणारा मिथेन आणि जंगलतोड यांसाठी वेगळे उपाय योजावे लागतात. त्यामुळे ‘कर लावला की काम झाले’ हा समर्थकांचा दावा टिकत नाही, तसाच ‘कराने काहीच साधत नाही’ हा विरोधकांचा दावाही टिकत नाही.

मॉडेलमागची गृहीतके वापरणाऱ्याला बदलता येतात, हा प्रामाणिकपणा मला विशेष मोलाचा वाटतो.

मर्यादा आहे ती वेगळ्या ठिकाणी. हे मॉडेल संपूर्ण जगाचे एकत्रित चित्र मांडते, त्यामुळे कराचा भार कोणत्या देशावर वा कोणत्या उत्पन्नगटावर पडेल, हे त्यात कळत नाही. आणि प्रत्यक्षात हे धोरण तगते की कोसळते, ते याच प्रश्नावर ठरते. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर आणताना प्राप्तिकर कमी केला आणि तो कर आजही टिकून आहे. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरील करवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सुरू केलेली कार्बनवरील आकारणी २०१४ मध्ये रद्द केली. कॅनडात तर जमा रकमेचा मोठा भाग कुटुंबांना परत मिळत होता, तरीही ग्राहकांवरील आकारणी एप्रिल २०२५ मध्ये थांबवण्यात आली. म्हणजे परतावा नुसता देऊन भागत नाही, तो लोकांना जाणवावाही लागतो.

कार्बन कर योग्यच आहे, पण त्याची रक्कम लोकांकडे उघडपणे परत जात असेल तरच, असे मला वाटते. म्हणूनच कराचा भार आणि परतावा उत्पन्नगटानुसार दाखवणारा एक आलेख या सिम्युलेटरमध्ये यावा, अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे. तोपर्यंत वादाला बसण्यापूर्वी हे साधन उघडावे आणि त्याच्या जोडीला या देशांचे अनुभवही अभ्यासावेत.