पेट्रोलच्या पाइपावरचं काळं स्लीव्ह आणि माझे २२ हजार

गाडी बाबांची. १९८९ची प्रीमियर पद्मिनी. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं. बोअर करून, पिस्टन-रिंगा घालून ते आणखी दहा वर्षं चाललं असतं, पण मला हौस. मारुती व्हर्साचं १.३ लिटरचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. व्हर्साच्या इंजिनाची ताकद पद्मिनीसारखीच मागच्या चाकांना जाते, त्यामुळे ते पद्मिनीत गाडीच्या लांबीला बसवता येतं. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली दांडा आला, तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काम पुण्याबाहेरच्या एका गॅरेजला दिलं. नाव लिहीत नाही. जुन्या गाड्यांचे फोटो भिंतीवर, मालक बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ‘सर’. इंजिन, माउंटिंग, वायरिंग यात त्याने मला फसवलं असं म्हणणार नाही. फसवलं ते पेट्रोलच्या पाइपात, म्हणजे नेमकं तिथे, जिथे गिऱ्हाईक कधी वाकून बघत नाही.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर मी एवढा का चिडलोय ते कळायचं नाही. पद्मिनीत टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनाला. तो पेट्रोल ओढून घेतो आणि कार्ब्युरेटरला (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) जेमतेम ३ ते ५ पीएसआयने (हे दाबाचं माप) देतो. मधल्या पाइपाला भेग पडली तर हवा ओढली जाते, गाडी गचके देते, बंद पडते. वैताग, पण जीव जात नाही. एमपीएफआयला पंप विजेचा, टाकीजवळ, आणि दाब साधारण ३ बार, म्हणजे ४३ पीएसआय. मागपासून पुढपर्यंत सगळी लाइन दाबाखाली. आता भेग पडली तर पेट्रोल फवारतं.

म्हणून पाइपाच्या अंगावर काय छापलंय ते बघायचं असतं. एसएई जे३० हे पेट्रोलच्या पाइपांचं मानक, त्यातला आर७ हा कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाइप. फ्युएल इंजेक्शनला आर९, जो १०० पीएसआयसाठी बनवतात आणि ज्याच्या आत पेट्रोलला दाद न देणाऱ्या वेगळ्या रबराचं अस्तर असतं. त्यात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, साधं रबर त्यात लवकर खराब होतं. हे सगळं मला काम देण्याआधीच माहीत होतं, हे सांगताना लाज वाटते. मी मालकाला व्हॉट्सॲपवर लिहिलंही होतं, ‘पाइप आर९च पाहिजे.’ त्याचं उत्तर, ‘सर, आर९च लावलाय, टेन्शन घेऊ नका.’

गाडी घ्यायला गेलो तेव्हा पाइपावर पुढपासून मागपर्यंत काळं, विणलेलं स्लीव्ह चढवलेलं. ‘हीट प्रोटेक्शन सर, फ्री ऑफ कॉस्ट.’ मला इतकं भारी वाटलं की मी त्या स्लीव्हचा फोटो काढून मित्रांना पाठवला. दोन गोष्टी तिथेच खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारी लांब लाइन धातूच्या नळीची असते. रबर फक्त दोन टोकांना, जिथे इंजिन हलतं तिथे वीतभर. इथे सबंध रबर. दुसरी, बिल. लेटरहेडवर एकच ओळ: ‘फ्युएल लाइन कम्प्लीट सेट – २२,०००’. मीटर किती, पाइप कुठला, फिल्टर कुठला, काही नाही. जीएसटी नंबर नाही.

पहिले तीन महिने मजेत. मग सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागायला लागला. नंतर पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास. फोन केला तर म्हणाला, ‘जुनी गाडी आहे सर, थोडा वास राहणारच.’ मीही मान डोलावली.

चौथ्या महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. बाबा शेजारी. खंबाटकी घाट उतरून चहाला थांबलो, तर बॉनेटच्या फटीतून वास असा की टपरीवाल्यानेच ‘गाडी लांब लावा’ म्हणून सांगितलं. बॉनेट उघडलं. स्लीव्ह ओलंचिंब, आणि त्यातून गळणारे थेंब सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर अंतरावर पडत होते. बॅटरीची वायर काढली, बाबांना लांब नेऊन बसवलं. गाडी टोइंगवर साताऱ्याला गेली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे आबा म्हणतात. त्यांनी बोलण्यात वेळ घालवला नाही, ब्लेडने स्लीव्ह उभं चिरलं. आतला पाइप निघाला तो साधा काळा. अंगावर फक्त ‘फ्युएल’ आणि ‘८ एमएम’. आर९ सोडा, आर७सुद्धा नाही. कुठल्या कंपनीचा, तेही नाही. पाइप चिरून दाखवला तर आत-बाहेर एकच रबर, वेगळ्या अस्तराचा पत्ता नाही. क्लिपाही खाचांच्या पट्टीवाल्या, ज्या आवळल्या की रबरात रुततात. जिथे रुतली होती तिथूनच पाइप फाटला होता. दाबाच्या लाइनला पट्टी गुळगुळीत आणि कडा वळवलेली लागते. आबा एवढंच म्हणाले, ‘बिल कशाचं घेतलंय त्यानं, स्लीव्हचं?’

मालकाशी पहिला वाद मी हरलो. पाइपाचा तुकडा दोन दिवस पेट्रोलात बुडवून ठेवला होता. तो फुगला, त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘आर९ पण बुडवला तर बाहेरून फुगतो सर.’ आणि हे खरं निघालं! आर९चं आतलं अस्तर पेट्रोलसाठी असतं, बाहेरचं साल नाही. टाकीच्या आत बुडून राहणारा पाइप वेगळा, आर१०. म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. त्याने अज्ञानातून नाही, समजून-उमजून लावला होता.

मग नाना पेठेतून खरा आर९ आणला, पक्क्या बिलावर, ६८० रुपये मीटर. दोन्हीचे वीतभर तुकडे घेतले, आत पेट्रोल भरलं, टोकांना बोल्ट घालून आवळले आणि गच्चीवर सावलीत आठवडाभर उभे ठेवले. आर९मधलं पेट्रोल होतं तसंच निघालं. गॅरेजवाल्याच्या पाइपातलं निघालं कोऱ्या चहासारखं, आणि आतलं रबर नखाने खरवडलं की मेणासारखं निघत होतं. तसा पाइप त्याच पेठेत १२० रुपये मीटर होता.

या प्रयोगाचा व्हिडिओ मालकाला पाठवल्यावर ‘सर’ बंद झालं. ‘इंजिन बदललंय ते आरटीओत नोंदवलंय का?’ असा प्रश्न आला. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ‘कागदाचं मी बघतो’ म्हणणारा तोच होता, आणि अर्ज त्याच्याच टेबलाच्या खणात पडून होता. माझं तोंड बंद ठेवायला त्याने तो राखूनच ठेवला असावा, असं आता वाटतं. तोपर्यंत गाडी मी बिनधास्त चालवत होतो, हा माझा गाढवपणा. कागद आधी, पाना नंतर, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, माहीत नाही.

वकील मित्राने सांगितलं, त्या एका ओळीच्या बिलावर ग्राहक आयोगात काही सिद्ध करणं कठीण. तुझ्या हातात खरं काय आहे, तर ते व्हॉट्सॲपवरचं ‘आर९च लावलाय’. तो मेसेज आणि यूपीआयची नोंद जोडून रीतसर नोटीस पाठवली. महिन्याभराने ९ हजार परत आले. बाकीचे ‘लेबर’ म्हणे.

नवी लाइन आबांनीच केली. पोटाखालून धातूची नळी, टोकांना आर९चे छोटे तुकडे, छापील अक्षरं वाचता येतील अशी बाहेरच्या बाजूला. स्टीलच्या जाळीवाला पाइप घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘जाळीच्या आत काय आहे ते मला नाही दिसत, तुम्हाला दिसतंय का?’ पंपाची वायरही त्यांनी बदलली. गॅरेजवाल्याने पंप थेट चावीवर जोडला होता, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेतो पंप पेट्रोल ढकलतच राहणार. आता तो ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, रिलेवरून चालतो. काम चालू असताना मी स्टूल टाकून शेजारी बसलो होतो; आबांना ते फारसं आवडलं नाही.

आरसीवर नोंद होईपर्यंत गाडी कव्हर घालून उभी आहे. बाबा अधूनमधून खाली येतात, जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या इंजिनावरची धूळ पुसतात आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, ‘ऑइलच पीत होतं बिचारं.’