झपाटा की रोजचा सराव: निवडीआधी मोजणीचा दिवस ठरवा

एखादे कौशल्य थोड्या दिवसांत झपाटून आत्मसात करावे की रोज थोडे थोडे करून त्याची सवय लावून घ्यावी, हे ठरवताना बहुतेक जण दोन्ही मार्गांची फळे एकाच दिवशी मोजतात. आणि तो दिवस जवळचा असेल, तर झपाट्याचे पारडे हमखास जड ठरते.

मोजणीचा दिवस बदलला की निकाल कसा उलटतो, हे अभ्यासाच्या बाबतीत नेमके मोजले गेले आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदाच वाचून नंतर आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचलेल्यातले ८१ टक्के आठवत होते, लिहून काढलेल्यातले ७५. आठवड्याभराने मात्र हेच आकडे अनुक्रमे ४२ आणि ५६ झाले. पहिल्याच चाचणीवर निर्णय घेणारा विद्यार्थी पुढेही निव्वळ वाचतच राहील, आणि त्यात त्याला काही वावगे वाटणार नाही.

व्यायामात झपाट्याची किंमत शरीर चुकवते. नव्याने वजने उचलणाऱ्याची ताकद काही आठवड्यांतच वाढते, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा त्या मानाने सावकाश बळकट होतात. तेवढ्यात भार वाढवत नेला, तर दुखणे मागे लागते.

सवयीचा मार्गही निर्दोष नाही. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ साली ९६ स्वयंसेवकांचा जो अभ्यास मांडला, त्यात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले आणि व्यक्तिगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. एकवीस दिवसांत सवय लागते हा समज त्यामुळे बाद होतो. दिलासा इतकाच, की अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. शिवाय सवय म्हणजे क्षमता नव्हे. रोज तेवढेच अंतर त्याच वेगाने धावणारा माणूस आहे तिथेच राहतो, हे सवयीचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.

काम एकदाच करायचे असेल आणि ते पुन्हा लागणार नसेल, तर झपाटा निःसंकोच निवडावा. तेच कौशल्य वर्षभरानेही लागणार असेल, तर माझा कौल सवयीला आहे, मात्र दर काही आठवड्यांनी त्यात थोडी काठिण्यपातळी वाढवण्याच्या अटीवर. मुदत जवळ आली आणि कौशल्यही टिकवायचे असेल, तर धावपळीच्या दिवसांत सवय बंद न करता तिचा आकार कमी करावा: तासाभराऐवजी दहा मिनिटे, पण वेळ आणि जागा तीच. मुदत संपल्यावर पुढची मुदत लगेच अंगावर घेण्याआधी हा तास पूर्ववत होऊ द्यावा.