जपमाळ की शुभवर्तमान: मुलांसोबत संध्याकाळी काय?

कॅथलिक घरात संध्याकाळच्या प्रार्थनेत जपमाळ (मण्यांवर म्हणायची मरियेची प्रार्थना) घ्यावी की शुभवर्तमान (बायबलमधली येशूची जीवनकथा) वाचावे, हा प्रश्न लहान मुलांच्या आईबाबांना पडतोच.

वेळ पाहा. जपमाळेच्या पाच रहस्यांना (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांना) साधारण 20 मिनिटे लागतात. पाच वर्षांच्या मुलाला एकच रहस्य, म्हणजे दहा वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना, पुरे. वाचन पाच मिनिटांत होते.

बिघडते कुठे? जेवणानंतरच्या जपमाळेत मुले पेंगतात, शब्द गिळतात. जेवणाआधी घ्या, माळ त्यांच्याच हातात द्या. वाचन मत्तयच्या शुभवर्तमानापासून सुरू केले तर पहिल्याच पानावर वंशावळ! मार्कचे घ्या: 16च अध्याय. त्याच्या चौथ्या अध्यायातले (4:35-41) वादळ वाचून ‘शिष्य का घाबरले?’ एवढेच विचारा. लगेच उपदेश तर मुळीच नको.

वाचता न येणाऱ्यांना जपमाळ जवळची; ‘का?’ विचारू लागलेल्यांना शुभवर्तमान.